राहते घर, जप्ती आणि सहीचा कागद

मार्चअखेर उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. वारसनोंदी, वाटण्या आणि बांधावरच्या झाडांचे प्रश्न मागे पडतात आणि पाकिटांतून जप्तीच्या नोटिशींच्या छायाप्रती बाहेर पडू लागतात. या खेपेला सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत राहत्या घराविषयीची पत्रे इतकी होती की संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली असून मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. अवकाळी पावसाने दोन हंगाम हातचे गेल्याने कृषी सेवा केंद्राची औषधे-खतांची उधारी सहा लाखांवर गेली. दुकानदाराने दिवाणी न्यायालयातून हुकूमनामा (वसुलीचा निकाल) मिळवला असून त्याच्या दरखास्तीत, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जात, गेल्या महिन्यात बेलिफ येऊन घराच्या चौकटीवर नोटीस चिकटवून गेले. जप्तीच्या यादीत गावठाणातील राहते घर परड्यासह, आणि रानातील बेदाणा शेड आहे. उधारी वाढली तेव्हा मी शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर ‘रक्कम न फिटल्यास माझे राहते घर विकून वसूल करावी, माझी हरकत राहणार नाही’ असे लिहून दिले होते. घर माझ्या नावावर आहे. लिलाव होईल का?

उत्तर : आपल्या पत्रातील माहिती बरोबर असेल तर घराचा लिलाव होऊ नये. मात्र तो आपोआप थांबणार नाही. आपल्याला न्यायालयात जाऊन तशी हरकत घ्यावी लागेल.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये ऋणकोची कोणती मालमत्ता जप्त करता येत नाही हे सांगितले आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि उपजीविकेसाठी लागणारी जनावरे व बियाणे ही त्या यादीत आहेतच. शिवाय खंड (क) नंतरच्या एका खंडात शेतकरी, मजूर किंवा घरगुती नोकर यांच्या मालकीचे आणि ते स्वतः राहत असलेले घर, त्याचे साहित्य, त्याखालची जागा आणि घराच्या उपभोगासाठी आवश्यक असलेली लगतची जमीन यांनाही संरक्षण आहे. आपले परडे या शेवटच्या शब्दांत बसते.

‘शेतकरी’ कोण, हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दिले आहे. जो स्वतः जमीन कसतो आणि ज्याची उपजीविका मुख्यत्वे शेतजमिनीच्या उत्पन्नावर चालते तो शेतकरी, मग तो मालक असो, कूळ असो वा शेतमजूर असो. स्वतः कसणे म्हणजे प्रत्येक वेळी स्वतः खुरपे हातात धरणे नव्हे; घरच्या माणसांकडून किंवा रोख वा धान्याच्या मजुरीवर लावलेल्या गड्यांकडून कसून घेतले तरी चालते. उत्पन्नाचा वाटा देऊन, म्हणजे अर्धलीने लावलेली जमीन मात्र या व्याख्येत बसत नाही. हा मुद्दा आमच्याकडे फार वेळा आडवा येतो. घरातले सगळे पुण्या-मुंबईला, जमीन वाट्याने दिलेली आणि सातबारावर नाव आहे म्हणून ‘आम्ही शेतकरी’ असे म्हणणाऱ्याला न्यायालय हे संरक्षण देईलच असे नाही.

हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे. म्हणून हरकतीच्या अर्जासोबत पीक पाहणीसह सातबारा, आठ अ, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या, मोटारीचे वीज बिल, विकास सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा आणि बेदाणा सौद्याच्या पट्ट्या जोडाव्यात. आडत्याच्या पट्टीवर आपले नाव, वजन आणि तारीख असते, त्यामुळे उपजीविका कशावर चालते हे सांगायला तिच्याइतका सरळ कागद दुसरा नाही. घरातल्या खिळ्याला टोचून ठेवलेल्या जुन्या पट्ट्याही काढून आणाव्यात. अर्ज दरखास्त चालू असलेल्या न्यायालयातच कलम ४७ खाली द्यायचा असतो. लिलाव होऊन तो कायम झाल्यावर ‘मी शेतकरी आहे’ असे सांगत येणाऱ्यांचे काम फार अवघड होते, म्हणून पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आता स्टॅम्पविषयी. आपण या कागदाला सर्वांत जास्त घाबरलेले दिसता, पण तोच सर्वांत दुबळा आहे. एक तर शंभर रुपये किंवा त्याहून अधिक रकमेसाठीचे गहाण, मालकीचे मूळ कागद ठेवून केलेल्या गहाणाचा अपवाद सोडता, नोंदणीकृत आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेल्या दस्तानेच होते. दुकानात बसून लिहिलेला नोंदणी नसलेला कागद म्हणजे गहाणखत नव्हे. दुसरे म्हणजे कलम ६० चा फायदा सोडून देण्याचा करारच कलम ६० (१अ) नुसार निरर्थक आहे. ‘माझी हरकत राहणार नाही’ हे वाक्य आपण दहा वेळा लिहून दिले असते तरी कायद्याच्या लेखी ते लिहिलेच नाही असे होते.

उलट घर नोंदणीकृत गहाणखताने तारण दिले असते तर हे उत्तर मला लिहिता आले नसते, कारण घर विशिष्ट कर्जासाठी गहाण टाकले की त्या कर्जापुरते हे संरक्षण संपते. ही रेघ जुनी आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यातच होते. शेतकऱ्याची स्थावर मिळकत कर्जासाठी खास गहाण दिलेली नसेल तर ती पैशाच्या हुकूमनाम्यात विकता येणार नाही, असे त्या कायद्यात होते. त्या काळी संरक्षण जमिनीलाही होते. आज ते घरापुरते उरले आहे, म्हणजेच आपली बाग या कलमाखाली सुरक्षित नाही आणि दुकानदाराने उद्या तिच्या जप्तीचा अर्ज दिला तर हीच हरकत तिथे चालणार नाही. हे कटू आहे, पण आताच माहीत असलेले बरे; दुकानदाराशी हप्त्यांची बोलणी करताना दोघांच्याही डोळ्यांपुढे ते असेल.

शेडचे उत्तर इतके ठाम देता येत नाही. कायद्यात ‘घरे व इतर इमारती’ असे शब्द आहेत आणि आपल्याच बागेचा माल वाळवण्यासाठी आपणच शेड वापरत असाल तर संरक्षण मागण्यास जागा आहे. हंगामात रॅक दुसऱ्यांना भाड्याने देत असाल तर ही मागणी लंगडी पडेल.

प्रश्न : मी विटा येथे एका खासगी आस्थापनेत लिपिक आहे. हातउसन्या रकमेच्या दाव्यात माझ्याविरुद्ध हुकूमनामा झाला आहे. राहते एकच घर असेल तर ते जप्त होत नाही असे ऐकले, ते खरे आहे का?

उत्तर : महाराष्ट्रात खरे नाही. पंजाब आणि हरियाणात या संहितेला जोडलेल्या स्थानिक दुरुस्तीमुळे शेतकरी नसलेल्या ऋणकोच्याही एका मुख्य राहत्या घराला संरक्षण मिळते आणि बहुधा तिथली माहिती फिरत फिरत आपल्यापर्यंत आली असावी. आपल्या राज्यात लिपिक, शिक्षक, दुकानदार यांचे एकुलते एक घरसुद्धा पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त होऊ शकते. मला स्वतःला हा भेद न पटणारा वाटतो, परंतु कायदा आज तसा आहे.

तरीही जप्ती म्हणजे लिलाव नव्हे, आणि लिलाव म्हणजे लगेच बेघर होणे नव्हे. जप्तीनंतर मालकी आपलीच राहते. फक्त घर परस्पर विकता, बक्षीस देता किंवा गहाण टाकता येत नाही. हुकूमनाम्याची रक्कम भागेल इतकाच भाग विकावा असे आदेश २१ नियम ६४ सांगतो, त्यामुळे दोन लाखांच्या वसुलीसाठी तीस लाखांचे संपूर्ण घर काढले जात असेल आणि त्याचा भाग वेगळा करता येत असेल तर तशी हरकत घ्यावी. नियम ८३ खाली आपण स्वतः खासगी विक्री करून किंवा घर गहाण ठेवून रक्कम उभी करतो असे सांगून लिलाव पुढे ढकलण्याची विनंती करता येते; लिलावात घर पडेल भावाने जाते, म्हणून हा अर्ज वेळेवर देणे शहाणपणाचे. लिलाव झालाच तरी नियम ८९ नुसार ६० दिवसांत हुकूमनाम्याची रक्कम आणि खरेदीदारासाठी खरेदी किमतीच्या ५ टक्के भरून तो रद्द करून घेता येतो.

पगारातून कपात घेण्याचा मार्गही आहे. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातील दोन तृतीयांश रक्कम जप्तीतून वगळलेली असते. पगार ४०,००० धरला तर १,००० अधिक ३९,००० चे दोन तृतीयांश, म्हणजे २६,०००, असे २७,००० आपल्या हाती राहतात आणि १३,००० जप्त होऊ शकतात. आणि एकाच हुकूमनाम्यात अशी कपात एकूण २४ महिन्यांपेक्षा अधिक चालत नाही. काही धनको लिलावाच्या कटकटीपेक्षा ही खात्रीची वसुली पसंत करतात, तेव्हा बोलून पाहावे.

प्रश्न : आम्ही कराडजवळ राहतो. नागरी सहकारी बँकेकडून १८ लाखांचे गृहकर्ज घेतले असून सुमारे १५ लाख बाकी आहेत. पतीच्या आजारपणात पाच हप्ते थकले आणि आता कलम १३ (२) ची नोटीस आली आहे. सहकारी बँकेला हा कायदा लागू नाही, दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणा, असे एका परिचितांनी सुचवले. काय करावे?

उत्तर : परिचितांच्या दोन्ही सूचना बाजूला ठेवाव्यात.

ही नोटीस २००२ च्या सरफेसी कायद्याखालची, म्हणजे बँकेला न्यायालयात दावा न लावता तारण मिळकत ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याखालची आहे. सहकारी बँकांना तो लागू होतो की नाही यावर अनेक वर्षे वाद होता, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी, आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात, तो लागू होतो असा निर्णय दिला. दुसरे, या कायद्याखालच्या कारवाईविरुद्ध दिवाणी न्यायालयाला अधिकारच नाही. तिथे दावा लावून मनाईची वाट पाहणारी माणसे खरी मुदत हातची घालवून बसतात.

आपले घर खास या कर्जासाठी गहाण दिलेले असल्याने कलम ६० चे संरक्षण इथे मिळत नाही. आपण शेतकरी असता तरी मिळाले नसते. एक लाखापर्यंतच्या कर्जाला किंवा मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी राहिली असेल तिथे हा कायदा लागत नाही, पण १५ लाख बाकी असल्याने त्याचाही उपयोग नाही. शेतजमिनीवरील तारणालाही तो लागत नाही. तिथे मात्र सातबारावर ‘शेती’ लिहिलेले असणे पुरेसे नसून जमीन प्रत्यक्ष कसली जाते का हे पाहिले जाते.

तेव्हा आपली ताकद तारखांत आहे. नोटिशीच्या तारखेपासून रक्कम भरण्यासाठी ६० दिवस असतात. या काळात आपण लेखी हरकत किंवा निवेदन द्यावे, बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर दिले पाहिजे. या निवेदनात भावना कमी आणि आकडे जास्त असावेत: कोणत्या महिन्याचे हप्ते थकले, दंडव्याज किती व कोणत्या दराने लावले, मध्ये भरलेली रक्कम खात्यात दिसते का, रुग्णालयाची कागदपत्रे आणि पुढील हप्त्यांचा व्यवहार्य प्रस्ताव. कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागून घेतल्याशिवाय हे लिहू नये. नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

६० दिवसांत काही झाले नाही तर बँक ताब्याची कारवाई करू शकते. ती बहुधा आधी कागदोपत्री असते: दारावर ताबा नोटीस लागते आणि दोन वर्तमानपत्रांत, त्यांतील एक स्थानिक भाषेतील, ती छापून येते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मदत घेऊ शकते. अशा कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत पुण्याच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे कलम १७ खाली अर्ज करता येतो. विक्रीपूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा आपला हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन पोहोचलो तर चालेल, ही जुनी समजूत आता धोक्याची आहे.

आज आपण ६० दिवसांच्या आत आहात, ही स्थिती चांगली आहे. बँकेच्या शाखेत बोलणी अवश्य करावीत, पण जे ठरेल ते लेखी घ्यावे आणि आपल्या प्रत्येक पत्राच्या स्थळप्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी.

प्रश्न : मी साताऱ्यात शिक्षिका आहे. माझे पती एका मित्राच्या कर्जाला पतसंस्थेत जामीनदार राहिले. मित्राने कर्ज बुडवले. संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळवला आणि आता वसुली अधिकाऱ्यांनी माझ्या नावावरील सदनिकेवर नोटीस लावली आहे. मी कुठेही सही केलेली नाही.

उत्तर : जामीनदाराची जबाबदारी मुख्य कर्जदाराइतकीच असते, ‘आधी त्याच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या’ असे म्हणण्याची सोय करार कायद्यात साधारणतः नाही. त्यामुळे पतींच्या मालमत्तेवर वसुली येऊ शकते. पत्नी म्हणून आपल्यावर ती येत नाही. आपण कर्जदार नाही, जामीनदार नाही आणि सदनिका तारण दिलेली नाही, तर पतीच्या जामिनकीसाठी ती विकता येणार नाही.

पतसंस्था ही बँक नसल्याने सरफेसी इथे नाही. ही कारवाई महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालील वसुली दाखल्यावर, १९६१ च्या नियमांतील नियम १०७ प्रमाणे चालते. त्याच नियमात, जप्त मिळकत आपली असून ती जप्तीस पात्र नाही असा दावा करणाऱ्या व्यक्तीची हरकत वसुली अधिकाऱ्याने चौकशी करून निकालात काढावी अशी तरतूद आहे. ती हरकत आपण लेखी द्यावी. सोबत खरेदीखत, आपल्या पगार खात्याचा तो उतारा ज्यातून बिल्डरला रक्कम गेली, आणि गृहकर्ज असल्यास त्याच्या हप्त्यांचा तपशील जोडावा. पैसा कोणाचा होता हा प्रश्न विचारला जाणारच. उताऱ्यावर आपल्या खात्यातून गेलेल्या रकमेच्या ओळींना खूण करून ठेवावी.

पतींना दाखल्यालाच आव्हान द्यायचे असेल तर कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज दोन महिन्यांत करावा लागतो आणि त्यासाठी वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी संस्थेत भरावी लागते. ही अट पुष्कळांना दारातच अडवते. आपली हरकत वेगळी आहे, आपण दाखल्यातील ऋणकोच नाही, म्हणून दोन्ही अर्ज एकत्र करून गुंतागुंत करू नये. वकिलाचा खर्च अडचणीचा असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना मोफत विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : वाईत आमचा वडिलोपार्जित वाडा आहे, वाटप झालेले नाही. आम्ही तिघे भाऊ. मधल्या भावाने धंद्यातील कर्ज भागवण्यासाठी आपला अविभक्त हिस्सा धनकोलाच खरेदी करून दिला. तो आता ‘माझ्या वाट्याची खोली उघडून द्या’ म्हणून कुलूप घेऊन येतो. त्याला घरात घ्यावे लागेल का?

उत्तर : नाही. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला तरी त्याला त्या घरात कुटुंबाबरोबर राहण्याचा किंवा घराचा सामाईक उपभोग घेण्याचा हक्क मिळत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. हिस्सा त्याचा झाला, सोपा-माजघर झाले नाही. त्याने वाटपाचा दावा लावावा. तो लावला की १८९३ च्या वाटप अधिनियमाच्या कलम ४ नुसार कुटुंबातील हिस्सेदार त्याचा हिस्सा विकत घेण्याची तयारी दाखवू शकतो आणि न्यायालय मूल्यांकन करून तो हिस्सा कुटुंबाला विकण्याचा आदेश देते. तेव्हा पैशाची जुळवाजुळव आतापासून करावी. कुलूप घेऊन येणाऱ्याला हात लावू नये. जबरदस्ती केलीच तर पोलिसांत अर्ज आणि दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा हे दोन्ही मार्ग आहेत.

थोरल्या बंधूंनी पत्राच्या शेवटी विचारले आहे की वडिलांची काही उसनवारी निघाली तर ती आमच्यावर येईल का. ९ सप्टेंबर २००५ नंतर काढलेल्या कर्जासाठी, केवळ पितृऋण फेडणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य म्हणून मुलाविरुद्ध जाता येत नाही. वारस म्हणून वडिलांची जी मिळकत हाती आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी राहते.

प्रश्न : जत तालुक्यातील एका खासगी सावकाराकडून तीन लाख घेतले. त्याने तारण म्हणून घर आणि लगतच्या जागेचे ‘खरेदीखत’ करून घेतले. पैसे दिल्यावर फिरवून देईन असे तोंडी ठरले. आता तो परत देत नाही.

उत्तर : आपल्याकडे याला मुदत खरेदी म्हणतात आणि पुष्कळ घरे अशीच गेली आहेत. परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असती तर दिवाणी न्यायालयात ‘हे गहाणच’ असे म्हणता आले असते. तोंडी ठरल्याने तो मार्ग अरुंद आहे. मात्र महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ चे कलम १८ आपल्या उपयोगाचे आहे. सावकारी व्यवहारात कर्जाचे तारण म्हणून विक्री, गहाण किंवा अन्य रूपाने स्थावर मिळकत सावकाराकडे गेली असेल, तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून तो दस्त अवैध ठरवू शकतात आणि मिळकत परत देण्याचा आदेश देऊ शकतात. सांगलीतील जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करावा. या अर्जाला मुदत आहे, म्हणून दिवस दवडू नयेत.

पुराव्यात किंमत बोलते. तीन लाखांत गेलेल्या घराचे त्या वर्षीच्या शीघ्रसिद्ध गणकाप्रमाणे (रेडी रेकनर) मूल्य किती होते, खरेदीनंतरही आपणच घरात राहून वीज बिल व घरपट्टी भरत आहात का, सावकाराला दरमहा व्याज दिल्याच्या बँक किंवा मोबाइलवरील नोंदी आहेत का, हे सगळे जमवावे. सावकाराकडे परवाना नसेल तर त्याचा वसुलीचा दावाही न्यायालयात टिकत नाही आणि विनापरवाना सावकारी हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

प्रश्न : इस्लामपूर येथून. देणी वाढली आहेत. दावा लागण्याआधी घर मुलीला बक्षीसपत्राने दिले तर सुटेल का?

उत्तर : धनकोंना चुकवण्यासाठी केलेले हस्तांतर त्यांच्या मागणीवरून रद्द होऊ शकते (मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, कलम ५३), आणि मुलगी विनाकारण दाव्यात ओढली जाईल. करू नये.

प्रश्न : मिरजेत माझी आई एकटी राहते. वसुलीची माणसे रात्री नऊला दार वाजवतात आणि ‘सामान उचलू’ म्हणतात. बेलिफ रात्री येऊ शकतो का?

उत्तर : जंगम मालमत्तेच्या जप्तीसाठी न्यायालयाचा माणूससुद्धा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरू शकत नाही, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६२ मध्ये आहे. आणि आपण वर्णन केलेली माणसे बेलिफ नसावीत. बेलिफाकडे न्यायालयाच्या शिक्क्याचे वॉरंट असते. आईंनी दाराच्या फटीतून तेवढे मागावे. बँकेने किंवा वित्तसंस्थेने नेमलेल्या वसुली प्रतिनिधींना थकबाकीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोनसुद्धा करता येत नाही, अशी रिझर्व्ह बँकेची ऑगस्ट २०२२ ची सूचना आहे. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही, हेही आईंना सांगून ठेवावे, कारण अशी माणसे बहुधा तीच धमकी आधी देतात. पुढच्या वेळी दार न उघडता वेळ आणि गाडीचा क्रमांक टिपून घ्यावा, आणि संबंधित संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे व पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा.